सहा कोंबड्या आणि एक दांडी : खुराड्यातल्या रात्रीच्या नोंदी

घरच्या सहा कोंबड्या आहेत : थोरली, कबरी, काळी, भुरी, झिपरी आणि चांदी. कोंबडा नाही. खुराडं एका जुन्या लाकडी कपाटाचं केलेलं, पुढे जाळीचं अंगण. दिवसभर काही कटकट नसते, सगळी अडचण कातरवेळी आणि पहाटे. दोघी अंड्यांच्या खोक्यात झोपतात, एक बहुतेक रोज बाहेरच राहते, आणि दार लावायला-उघडायला कुणीतरी घरी असावंच लागतं. हे मार्गी लावायचं ठरवलं त्या दिवसापासून ही वही आहे. जिथे दिवस फुकट गेले, लाकूड वाया गेलं, कोंबड्यांना त्रास झाला, तेही जसंच्या तसं लिहिलं आहे. घड्याळातल्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. कोंबडीचं घड्याळ सूर्य मावळला की सुरू होतं, म्हणून 'मावळल्यानंतर इतकी मिनिटं' असंच मोजलं.

६ ते १२ सप्टेंबर

सात संध्याकाळी काहीही न बदलता नुसतं बघितलं. हातात वही, अंगणाच्या कडेला पाट टाकून बसले.

सूर्य टेकायच्या तासभर आधी सगळ्या खाण्यावर तुटून पडतात. दुपारी दाण्याकडे न बघणारी काळीसुद्धा. गळ्याखालची अन्नपिशवी हाताने चाचपली तर झोपायच्या वेळी ती लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी टणक लागते. सकाळी रिकामी, सपाट. रात्रभराची शिदोरी ती. अंड्याचं कवच तयार व्हायला साधारण २० तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो, म्हणून कवचासाठी लागणाऱ्या शिंपल्याच्या चुऱ्याचं भांडंही संध्याकाळीच जास्त रिकामं होतं. हे कळल्यापासून ते भांडं मी दुपारी भरून ठेवते.

आत जायची वेळ : मावळल्यानंतर ५ ते २० मिनिटं. ढगाळ दिवशी मावळायच्या आधीच. थोरली आणि कबरी सगळ्यांत आधी, काळी शेवटी. आत गेल्यावर दहा-बारा मिनिटं भांडण, ढकलाढकली, जागेवरून कुरकुर. मग एकदम शांत.

भुरी सातपैकी चार दिवस बाहेर राहिली. झिपरी आणि चांदी, दोन्ही धाकट्या, सातही दिवस अंड्यांच्या खोक्यात झोपल्या. कोंबडी दिवसभरातली निम्म्याच्या आसपास शीट रात्री टाकते, त्यामुळे खोक्यातला भुसा सकाळी लडबडलेला आणि त्यात घातलेली अंडी घाण. आठवड्यात ९ अंडी टाकून द्यावी लागली.

१३ सप्टेंबर

आज टेप घेऊन आत शिरले आणि चूक तिथेच सापडली. दांडी जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, खोकी ६० वर. आपण कितीही म्हटलं की दांडी झोपायची आणि खोकं अंडी घालायचं, कोंबडीला त्यातलं काही ठाऊक नाही. तिचे पूर्वज रानकोंबड्या. ते रात्री झाडावर चढतात, कारण जमिनीवर झोपलेलं पाखरू सकाळ बघत नाही. तेव्हा जे उंच ते झोपायचं. धाकट्या दोघी चुकत नव्हत्या, बरोबर वागत होत्या. चूक माझ्या खिळ्यांची होती.

१४-१५ सप्टेंबर

दोन दिवस सुतारकाम. दादा मदतीला होता. खोकी खाली आणून ३५ सेंटिमीटरवर बसवली. दांड्या दोन, जिन्यासारख्या : एक ६० वर, दुसरी ९० वर. जुनी दांडी प्लास्टिकच्या पाइपची होती, ती काढली. गुळगुळीत पाइपवर नखं रुतत नाहीत, रात्री पाय सरकत राहतो. आता ५ सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी, रुंद बाजू वर, कडा रंधा मारून गोल केल्या. रुंद पट्टीवर कोंबडी पोट टेकून बसते आणि पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात.

लागलेला वेळ : ११ तास. त्यातले ३ तास खोकी उलट्या बाजूला लावून परत काढण्यात गेले.

१७ सप्टेंबर

जिन्याची दांडी फसली. सहाही जणींना वरचीच दांडी हवी. खालच्या दांडीवर कुणी फिरकत नाही. वर जागा मिळेना म्हणून चांदीला चोची खाव्या लागल्या आणि शेवटी ती परत खोक्यात गेली. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. ते मी वाचलेलं होतं, तरी दांड्या वर-खाली ठोकल्या. उंची दोन असली की उतरंडीचं भांडण रोज संध्याकाळी नव्याने होतं.

दुसरी गोष्ट : वरची दांडी भिंतीपासून १२ सेंटिमीटरवर होती. थोरलीची शेपटी भिंतीला घासून वाकडी झाली, ती अंग तिरकं करून बसत होती.

१८ सप्टेंबर

खालची दांडी काढून टाकली, ती पट्टी आता दुसऱ्या कामाला. वरची ७५ वर आणली, भिंतीपासून २५ सेंटिमीटर. लांबी १५० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकीला २५. युरोपीय संघाच्या १९९९ च्या नियमात अंड्यांवरच्या कोंबडीला किमान १५ सेंटिमीटर दांडी, भिंतीपासून २० आणि दोन दांड्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर सांगितलं आहे. ते किमान आहे. माझ्या अनुभवात १५ मध्ये कोंबडी मावते, पण कूस बदलता येत नाही. संध्याकाळी भांडणारी थोरली पहाटे कबरीला चिकटून झोपलेली असते, म्हणजे जागा त्यांना रात्रभर लागत नाही. जागा लागते ती चढताना आणि स्थिरस्थावर होताना.

९० वरून ७५ वर यायचं कारण सकाळची उडी. खुराडं अरुंद. वरून उतरताना कोंबडीला पुढे पल्ला मिळत नाही, ती दगडासारखी खाली येते. भुरीच्या उजव्या तळव्याला बारीक खडा उठलेला दिसला. असाच पाय पुढे सुजतो आणि आत गाठ धरते. दांडीखाली भुशाची गादी चार बोटांची होती, ती दुप्पट केली. शिडीही लावली. पहिली शिडी फार उभी होती, तिच्यावर कुणी पाय ठेवला नाही. आडवी करत करत ३५ अंशांच्या आसपास आणली आणि पट्ट्या १५-१५ सेंटिमीटरवर ठोकल्या तेव्हा काळी पहिल्यांदा चढली.

२० सप्टेंबर

आज सगळ्या दांडीवर. झिपरी आणि चांदीला मात्र अंधार पडल्यावर खोक्यातून उचलून वर ठेवावं लागलं. गेले तीन दिवस दिवस कलला की खोक्यांपुढे फळी लावतेय आणि सकाळी काढतेय. पहिल्या दिवशी फळी काढायला विसरले, तर अंडी थेट जमिनीवर.

२३ सप्टेंबर, रात्र

या नोंदीत दुरुस्ती काही नाही, पण ही लिहून ठेवायचीच होती.

मावळल्यानंतर दीड तासाने मंद बॅटरी कापडात गुंडाळून आत गेले आणि तासभर न हलता बसले. काळी माझ्यापासून हातभर अंतरावर. कोंबडी डोळा मिटते तेव्हा वरची पापणी खाली येत नाही, खालची पापणी वर चढते. पातळ, राखाडी, सुरकुतलेली. ती अर्ध्यावर येते, थांबते, परत उतरते. असं चार-पाच वेळा झालं आणि मग डोळा पूर्ण मिटला. मान हळूहळू आखडून पिसांत गेली. थोड्या वेळाने डोकं एकदम पुढे कलंडलं, चोच छातीला टेकली, आणि काही सेकंदांतच परत सावरलं. पक्ष्यांना स्वप्नाची झोप लागते, पण ती अशीच काही सेकंदांची, तुकड्या-तुकड्यांची. त्या वेळी मानेचे स्नायू ढिले पडतात. पाय मात्र दांडीवरून तसूभर हलले नाहीत.

कबरी रांगेच्या टोकाला होती, दाराकडच्या बाजूला. तिचा आतला डोळा मिटलेला, दाराकडचा उघडा. पक्ष्यांचा मेंदू अर्धा झोपतो, अर्धा जागा राहतो; जो डोळा उघडा, त्याच्या विरुद्ध बाजूचा अर्धा मेंदू जागा. १९९९ साली बदकांवर झालेल्या अभ्यासात रांगेच्या टोकाची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतात असं आढळलं होतं. कबरीला तसं बघताना मी वही मिटून ठेवली. पुढच्या आठ रात्री जाऊन पाहिलं. टोकाला जी असेल तिचा बाहेरचा डोळा पाच रात्री उघडा सापडला, तीन रात्री दोन्ही मिटलेले. आठ रात्रींवरून फार काही म्हणता येत नाही, पण तेव्हापासून दाराची कडी आवाज न करता लागेल अशी केली. टोकाच्या कोंबडीला तेवढी झोप जास्त मिळेल.

२८ सप्टेंबर

आपोआप उघडझाप होणारं दार बसवलं. उजेड ओळखणारा सेन्सर, छोटी मोटर, दोरीवर वर-खाली होणारं पत्र्याचं दार. बसवायला एक पूर्ण दिवस. संध्याकाळी दार व्यवस्थित बंद झालं.

२९ सप्टेंबर

काल दार बंद झालं होतं, पण आम्ही मागच्या पडवीतला दिवा लावला तसं ते परत उघडलं. रात्रभर उघडं. सकाळी खुराड्यात मांजराच्या पायांचे ठसे. सगळ्या कोंबड्या दांडीवर होत्या म्हणून वाचल्या. खोक्यात झोपायच्या काळात हे झालं असतं तर काय, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

सेन्सर पडवीच्या विरुद्ध बाजूला, आभाळाकडे तोंड करून लावला. एकदा बंद झालं की पहाटेपर्यंत उघडायचं नाही, अशी सेटिंगही त्यात होती. माहितीपत्रकात चौथ्या पानावर. ते मी आधी वाचायला हवं होतं.

३ ऑक्टोबर

भुरी बाहेर अडकली. दार बंद होतं तेव्हा अंधार पडत आलेला असतो, आणि ती शेवटची. पहाटे खुराड्याच्या छपरावर बसलेली सापडली, पिसं दवाने ओली, पण धड.

इथे मला एक गोष्ट उमगली. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्याहून जास्त प्रकारच्या असतात, तिला अतिनील किरणही दिसतात. पण अंधुक उजेडात ती जवळजवळ आंधळी होते. म्हणजे उशीर झालेली कोंबडी हट्ट करत नसते. तिला दार दिसतच नाही. म्हणून ती होती तिथेच बसून राहते. त्या वेळी हातात उचलली तर हूं की चूं करत नाही, हेही त्यामुळेच.

दार बंद व्हायला सेन्सरच्या इशाऱ्यानंतर २५ मिनिटं थांबायची सोय केली आणि खुराड्याच्या आत अगदी मंद दिवा ठेवला, तो दार बंद झाल्यावर विझतो. बाहेरून बघताना दाराचं भोक उजळ दिसतं. भुरी त्या दिवसापासून एकदाही बाहेर राहिलेली नाही.

९ ऑक्टोबर

अंडी कमी होऊ लागली. सहाजणींची रोज चार यायची, आता दोन. दिवस लहान होतोय. भरपूर अंडी यायला १४ ते १६ तास उजेड लागतो, हे बहुतेक कोंबड्या पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. मी आत एक दिवा टायमरवर लावला, संध्याकाळी तीन तास जास्त.

१० ऑक्टोबर

फार वाईट चूक झाली. टायमरने दिवा खट्‌कन विझवला तेव्हा सहापैकी चौघी खालीच होत्या, खात होत्या. एका क्षणात काळोख. मी बाहेरून आवाज ऐकला आणि धावले. चौघी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या, झिपरी सगळ्यांच्या खाली, चोच उघडी, धापा टाकत. पाच मिनिटं आणखी उशीर झाला असता तर ती गुदमरली असती. एकेकीला उचलून दांडीवर ठेवलं. झिपरीला अर्धा तास मांडीवर घेऊन बसले.

कोंबडीला झोपायला अंधार पुरत नाही, अंधार *होत जाणं* लागतं. उजेड उतरत जातो, त्या पंधरा-वीस मिनिटांत ती खाणं आटपते, आत येते, जागा धरते. तो वेळच मी काढून घेतला होता. कुणी दिवा लावणार असेल तर तो पहाटे लावावा, उजाडेपर्यंत, आणि संध्याकाळ आभाळाच्या हवाली करावी.

१२ ऑक्टोबर

पहाटेचा दिवा दोन दिवस ठेवला आणि काढून टाकला. काळी आणि थोरलीची पिसं गळायला लागली आहेत. दिवस लहान होताना पिसं झडणं, नवी येणं हा त्यांचा विश्रांतीचा काळ. नवी पिसं घडवायला अंगातली प्रथिनं लागतात, तेव्हा अंडी थांबतात. त्यांना तो वेळ देऊ या. अंडी नंतर येतील.

२२ ऑक्टोबर

नवीनच प्रकार. मावळल्यानंतर वीस मिनिटं झाली तरी कुणी आत जाईना. दारापर्यंत येतात, मान आत घालतात, मागे फिरतात. कबरीसुद्धा. शेवटी हाताने एकेक आत ठेवली.

२३ ते २८ ऑक्टोबर

सहा दिवस चुकीच्या दिशेने गेले. आधी वाटलं सापाचा वास असेल, सगळा भुसा उपसला. मग वाटलं घुबड बसत असेल, छपरावर चकचकीत पट्ट्या बांधल्या. मग दाराच्या मोटरचा आवाज, म्हणून तेल घातलं. आतला मंद दिवा बदलला. काही फरक नाही. दांडीवर ठेवलं तरी रात्रभर अंग झटकतात, पाय आपटतात, चोचीने छातीची पिसं खाजवतात. सकाळी सगळ्या पेंगलेल्या. भुरीचा तुरा फिका पडला.

हे सगळं मी *दिवसा* शोधत होते. तिथेच चुकलं.

२९ ऑक्टोबर, रात्र

दादा म्हणाला, "अगं, त्या रात्री झोपत नाहीत ना? मग रात्रीच बघ की."

मावळल्यानंतर दोन तासांनी पांढरा कागदी रुमाल घेतला आणि दांडीच्या खालच्या बाजूने फिरवला. रुमालावर लाल रेघ उमटली. रक्त होतं ते. बॅटरी जवळ नेली तर दांडीचं टोक जिथे भिंतीच्या खाचेत बसतं तिथून मोहरीच्या निम्म्या आकाराचे ठिपके वर चालत येत होते. लाल माइट. उपाशी असताना हे राखाडी असतात, रक्त प्यायले की लाल. दिवसा फटीत लपतात, रात्री येऊन कोंबडीला चावतात आणि पोट भरलं की परत जातात. कोंबडीच्या अंगावर दिवसा एकही सापडत नाही, म्हणून मला दिसले नाहीत. कोंबड्या मात्र सहा दिवस सांगत होत्या की आत जायचं नाही.

३० ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर

काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण यातलं काही वगळलं की माइट परत येतात.

कोंबड्यांना चार रात्री वेगळ्या, मोठ्या टोपल्यांत ठेवलं. भुसा सगळा बाहेर काढून जाळला. दांडी काढली, तेव्हा टोकांखाली पांढऱ्या-राखाडी पुडीसारखा थर होता, तो माइटच्या काताचा आणि अंड्यांचा. उकळतं पाणी प्रत्येक सांध्यात ओतलं, नंतर साबणाचं दाट पाणी ब्रशने घासलं. सुकल्यावर फटी बुजवल्या. कपाटाची मागची दुहेरी फळी काढूनच टाकली, कारण दोन फळ्यांमधली पोकळी म्हणजे त्यांचं गावच होतं. डायटोमाइट पावडर (सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची भुकटी) सांध्यांमध्ये फुंकली. ही पावडर टाकताना नाकातोंडावर जाड मास्क हवा आणि कोंबड्या बाहेर हव्यात, बारीक धूळ त्यांच्याही फुप्फुसांना वाईट.

पहिल्या धुण्याने अंडी मरत नाहीत. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडा-दहा दिवसांत होते, म्हणून ५ आणि ११ नोव्हेंबरला सगळं पुन्हा केलं. ५ तारखेचं काम मी टाळणार होते, कारण रुमाल स्वच्छ येत होता. तरी केलं, आणि एका सांध्यात नवी बारीक पिल्लं निघाली. रिकामं खुराडं ठेवूनही ते मरत नाहीत, काही महिने उपाशी तग धरतात.

दांडीची बसकण बदलली. आता टोकं भिंतीच्या खाचेत जात नाहीत. लोखंडी कंसावर टेकतात, कंसाला तेलाचा हात आणि दांडी एका हाताने उचलून बाहेर काढता येते. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एकूण २६ तास काम, सहा दिवस शोधात, आणि भुरी अशक्त झाली ती वेगळीच.

१५ तारखेला सगळ्या मावळल्यानंतर ११ मिनिटांत, न सांगता, आत.

१९ नोव्हेंबर

पहाटेच्या नोंदी आजवर राहून गेल्या. आत मोबाइल ठेवून आवाज रेकॉर्ड केला. आभाळ पुरतं काळं असतानाच हालचाल सुरू होते : पिसं झटकल्याचा आवाज, मग घशातल्या घशात 'क्रूऽऽक'. उजेडाची वाट बघून जाग येत नाही, आतलं घड्याळ आधीच जागं करतं. कोंबड्यांवर जपानमध्ये संशोधन झालं, २०१३ साली प्रसिद्ध झालं. कायम मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या अंदाजाने आरवत राहिले. नंतर त्याच संशोधकांनी दाखवलं की आधी आरवतो तो उतरंडीत वरचा कोंबडा, बाकीचे त्याच्यामागून. माझ्याकडे कोंबडा नाही, पण पहिली झटक थोरलीची असते, हे सहा रेकॉर्डिंगपैकी पाचांत ऐकू आलं.

उतरल्यावर प्रत्येकजण एकच करते : एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणते, मग दुसरी बाजू. मग शीट. मग पाणी, दाण्याच्या आधी. रोज सकाळी दांडीखालची पाटी बघते तेव्हा रात्री कोण कुठे झोपलं तेही कळतं आणि कुणाचं पोट बिघडलं तेही.

दार उशिरा उघडायचा प्रयोग दोन दिवस केला, उजाडल्यावर दीड तासाने, शेजाऱ्यांना गोंगाटाचा त्रास नको म्हणून. बंद जागेत जाग्या कोंबड्या एकमेकींना टोचतात. चांदीच्या पाठीवरची पिसं उपटलेली दिसली. आता उजाडल्यावर पंधरा मिनिटांत दार उघडतं.

२४ नोव्हेंबर

दुपारच्या झोपेबद्दल फक्त एक इशारा. ऊन चढलं की त्या मातीत अंघोळ करतात आणि मग एका कुशीवर कलंडून, पंख पसरून, मान टाकून, डोळे मिटून पडतात. अगदी मेल्यासारख्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी काळीला उचलून धावत घरात आणली होती. ती दचकून अर्धा तास घाबरी होती. पंख पसरलेला असेल आणि पिसं सैल असतील तर राहू द्यावं. आजारी कोंबडी अंग आखडून, पिसं फुलवून, इतरांपासून दूर उभी पेंगते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

२८ नोव्हेंबर

तीन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या, साडेतीन महिन्यांच्या. नवी कोंबडी रात्री दांडीवर ठेवावी, सकाळी सगळ्या आपल्याच वाटतात, असं ऐकलं होतं. ठेवल्या. सकाळी कुणालाच आपल्या वाटल्या नाहीत. थोरलीने तिघींना कोपऱ्यात कोंडलं. दुपारी जाळीचं पार्टिशन घातलं, दहा दिवस शेजारी-शेजारी, दिसतील पण टोचता येणार नाही अशा. आधी हे आणि मग रात्रीची दांडी, असा क्रम हवा होता.

दुसरी दांडी पहिल्याच उंचीवर, ३५ सेंटिमीटर अंतरावर बसवली. या वेळी टेपने दोन्ही टोकं मोजली.

९ डिसेंबर

पार्टिशन काढलं. दिवसा ठीक. रात्री तिन्ही तलंगा जमिनीवर, एकमेकींवर ढीग करून. जिथून आणल्या तिथे त्यांना दांडी कधी मिळालेलीच नव्हती. लहानपणी ज्यांना उंच चढायला मिळत नाही त्यांना पुढे उंची-अंतराचा अंदाज उशिरा येतो. चढायचं असतं, पण नजर वर करतात, मान हलवतात, पाय उचलतात आणि ठेवतात. अंधार पडून जातो.

मी रोज रात्री उचलून ठेवते. तिघी, तीन फेऱ्या. पायाची बोटं दांडीला लागली की आपोआप पकडतात. दिवसा अंगणात २० सेंटिमीटरवर एक सरावाची दांडी ठोकली आहे.

१४ डिसेंबर

एक तलंग चढली. शिडीने, मध्ये दोनदा थांबून.

१७ डिसेंबर

दुसरीही. तिसरी खाली एकटी राहिली तेव्हा फार कण्हली. तिला उचलताना पोटाखालची ऊब हाताला लागली, कोंबडीचं अंग आपल्याहून गरम, ४१ अंशांच्या आसपास.

२१ डिसेंबर

वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. दार आपोआप चालतं, मी घरी नसले तरी अडत नाही, ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं. तरी आज पाट टाकून बसलेच.

मावळल्यानंतर ४ मिनिटं : थोरली. ६ : कबरी. मग भुरी. तुरा परत लाल झालाय. १२ : झिपरी, चांदी, दोन तलंगा. १५ : काळी. तिसरी तलंग दारात उभी. आत गेली, शिडीच्या पायथ्याशी थांबली. आतल्या मंद दिव्यात तिची मान वर-खाली होताना दिसत होती. एक पट्टी चढली, उतरली. मी उठले नाही. पुन्हा चढली, तीन पट्ट्या. तिथून शिडी सोडून सरळ उडी मारली, छातीने दांडीवर आदळली, पंख फडफडले, आणि एक पाय पकडीत आला. काळीने एक चोच मारली. ती सरकली, दुसरा पाय टेकवला आणि बसली.

१९ मिनिटं. नऊच्या नऊ. दोरीचा बारीक आवाज आला, दार खाली उतरलं, दिवा विझला.

उद्याची कामं : दोन्ही कंसांना तेल, पांढरा रुमाल फिरवणं, सरावाची दांडी काढणं.